मोरचूद आणि कोयता

आई,

आज सकाळी पंधरा वर्षांनी मी मोरचूद आणि चुना कालवला. तोही नंदिगड्ड्याच्या बागेत नव्हे, फ्रान्समध्ये, द्राक्षांच्या मळ्यात, एका सत्तरीच्या म्हाताऱ्याच्या अंगणात उभी राहून. तू असतीस तर कपाळाला हात लावून म्हणाली असतीस, “तकडं बी मोरचूद हाय व्हय गं?” आहे. नुसतं आहे असं नाही, ते औषध इथलंच आहे. सुपारीच्या बागेवर मारायचं ते निळं पाणी, ज्याला तिकडे सगळे कानडीतून नुसतं मद्दू म्हणायचे, ते पहिल्यांदा या मुलखात तयार झालं. मोरचुदाच्या पोत्याबरोबर एक छापील कागद यायचा, त्यावर ‘बोर्डो’ असा शब्द असायचा. मी तो तुला वाचून दाखवला होता आणि तू म्हणाली होतीस, आसंल कुणा सायबाचं नाव. ते या मुलखाचं नाव आहे. मी आता तिथेच बसले आहे, आणि कोयत्याचं एक तुला सांगायचं राहून गेलंय, ते सांगायला हा कागद पुढे ओढला आहे. पण ते लगेच जमेल असं दिसत नाही, म्हणून आधी इकडचं सांगते.

मी नाशिककडे एका द्राक्षबागेत नोकरीला आहे. तिकडे खायची द्राक्षं पुष्कळ, पण आमच्या मालकांना वाईन करायची हौस आली आणि त्यांनी मला सहा महिने इकडे शिकायला पाठवलं. वाईन म्हणजे द्राक्षाची दारूच, तुझ्यापुढे शब्द फिरवण्यात अर्थ नाही. रामनगरच्या बाजारात दारूच्या दुकानावरून जाताना तू नाकाला पदर लावायचीस, आणि तुझी लेक आता रोज सकाळी तीच तोंडात घोळवते, थुंकते आणि वहीत चार ओळी लिहिते. हो, थुंकते. तसंच शिकवतात. “थुकायचीच हाय तर करत्यात कशाला?” असं तू विचारलं असतंस.

या म्हाताऱ्याचा मळा पिढीजात आहे. त्यांची रीत अशी, की आपल्या वेलींची द्राक्षं आपल्याच घरात गाळायची, आपल्याच तळघरात लाकडी पिंपांत मुरवायची आणि बाटलीवर आपल्या घराचं नाव लावायचं. शेजाऱ्याचा एक घडसुद्धा आत येता कामा नये. शिवाय याने रासायनिक खतं आणि विषारी फवारे बंद केलेत. शेणखत घालतो, वेलींच्या ओळींमध्ये गवत वाढू देतो, आणि रोगावर फक्त मोरचूद-चुना, कारण तो जुन्या काळापासून चालत आलाय म्हणून यांच्या नियमात बसतो. याला इथे सेंद्रिय म्हणतात. त्याचा दाखला काचेत घालून भिंतीवर टांगलाय आणि लांबून लांबून माणसं मोटारी घेऊन हे सगळं बघायला येतात. आपण तर जन्मभर सेंद्रियच होतो गं, दुसरं काही नंदिगड्ड्यापर्यंत पोचतच नव्हतं. आपल्याला मेलं कुणी काचेत घातलं नाही.

औषधाची गोष्टही त्यानेच सांगितली. इथल्या बागवाल्यांची रस्त्याकडेची द्राक्षं येणारे-जाणारे चोरून खायचे. म्हणून त्यांनी कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना फासला, की निळं-पांढरं बघून माणूस घाबरावा आणि हात लावू नये. त्या वर्षी सगळ्या मळ्याला रोग लागला आणि नेमक्या कडेच्या वेली तेवढ्या हिरव्यागार राहिल्या. चोरासाठी लावलं आणि रोगाला लागू पडलं. मला ही गोष्ट ऐकताना सारखी तुझी आठवण येत होती. तुला ती इतकी आवडली असती की तू बागेतल्या प्रत्येक बाईला गाठून सांगितली असतीस, आणि प्रत्येक वेळी त्यात तुझ्या पदरचा एक चोर वाढवला असतास.

मिरग निघायच्या सुमारास आपण रामनगरचं घर बंद करून नंदिगड्ड्याला जायचो. बागेच्या वर, सुपारी वाळवायच्या खळ्याच्या कडेला मालक आपल्याला एक खोली द्यायचे. अप्पा होते तेव्हा ते झाडावर चढायचे आणि तू खाली मद्दू कालवायचीस. अप्पा गेले, तरी तू कालवत राहिलीस. झाडावर चढणारे गडी वयाने तुझ्याहून मोठे असले तरी तुला अक्का म्हणायचे, आणि अक्काने कालवलेलं नसेल तर पंपाला हात लावायचे नाहीत. पावसात सुपारीला कोळेरोग लागतो, कोवळी फळं सडून गळून पडतात, आणि वर्षाचं पीक आठ दिवसांत मातीत जातं. ते राखायचं तुझ्या दोन हातांवर होतं. मला तेव्हा यातलं काही मोठं वाटायचं नाही. मला तुझे हात तेवढे दिसायचे, नखं निळी आणि बोटं चुन्याने उललेली, आणि शाळेतल्या मैत्रिणींच्या आयांचे हात तसे नसायचे.

मी अजून डोळे मिटले की तू दिसतेस. रात्रभर फडक्यात बांधून पाण्यात टांगलेली मोरचुदाची पुरचुंडी विरघळून गेलेली आहे. दुसरीकडे मातीच्या रांजणात तू कळीच्या चुन्यावर पाणी शिंपडतेस, तो फुगतो, फुटतो, वाफ येते, आणि तू तोंड बाजूला करून म्हणतेस, “उठला बग.” मग लाकडी पिंपात आधी चुन्याचं दूध, आणि त्यात निळं पाणी, बारीक धारेने. मी घाई करते. तू माझ्या मनगटाला धरतेस. “पी हळद आन् हो गोरी, आसं मद्दूचं नसतंय. धार बारीक कर.” एका हाताने बांबूने ढवळणं चालू. सगळं झालं की तू कमरेचा कोयता काढतेस, राखेने घासून लखलखीत करतेस, धुतेस, आणि पातं पिंपात बुडवून उभी राहतेस. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरतो, एका हाताची बारा पेरं, अशी पाच वेळा. मग कोयता वर. पातं पांढरं राहिलं तर मद्दू झालं. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडला, ते मद्दू झाडाला भाजणार. “मद्दू झालं आसं आपून म्हनायचं न्हाई,” तू सांगायचीस, “कोयत्यानं म्हनायचं.”

आणि त्या दिवसांत तू माझ्या हातून जेवायचीस. कितीही धुतले तरी तुझ्या हातांचा वास जायचा नाही, आणि चमच्याने जेवणं म्हणजे तुला दवाखान्यात असल्यासारखं वाटायचं. मग चुलीपुढे पाट मांडून तू दोन्ही हात मांड्यांवर उताणे ठेवून बसायचीस आणि मी तुला भात आणि सुक्या बांगड्याचं कालवण कालवून भरवायची. अठरा वर्षांची झाले तरी भरवत होते. “मोट्टा घास दे की, चिमणीला चारतीयास काय?” असं म्हणून तू तोंड उघडं धरायचीस. मी वैतागायची. मला अभ्यास असायचा. आता वाटतं, तसा एक घास भरवायला मिळाला तर मी ही नाशिकची नोकरी, हे तळघर आणि त्यातली सगळी पिंपं कुणालाही देऊन टाकीन.

त्या वर्षीचं सांगते. मी बारावी शास्त्र शाखेतून पास झाले होते आणि धारवाडच्या शेतकी कॉलेजात अर्ज केला होता. सुप्याच्या धरणाचं पाणी वर चढत होतं ती वर्षं, तिकडची घरं उठून रामनगरला येत होती, जो तो म्हणत होता की आता शिकेल तोच टिकेल. तू तर सगळ्या बागेला सांगितलंस की माझी लेक मद्दूची डाक्टर होणार. मला फार लाज वाटायची आणि आतून फार बरंही वाटायचं. दुसरा फवारा मारायची वेळ आली तेव्हा तू तापाने पडलीस. दहा दिवस सतत पाऊस, आणि एका सकाळी आभाळ उघडलं. अशी उघडीप दोन दिवसांच्या वर टिकत नाही. गडी खळ्यावर येऊन उभे राहिले. तू घोंगडीतून डोकं वर काढलंस आणि मला म्हणालीस, “तू जा. पर आयक. ऱ्हायल्याला चुना जुना हाय, वारं लागून मेलाय, त्येच्यात जीव न्हाई. दुप्पट घाल. आन् कोयता बगितल्याबिगार पंप लावू दिऊ नगो.” आणि कोयता उशाखालून काढून माझ्या हातात दिलास.

मी खाली गेले. छापील कागद माझ्या खिशात होता, त्यावर मोरचूद आणि चुना सारखा घ्या असं लिहिलं होतं. मी तराजूने सारखा घेतला. तुझं दुप्पट मला अडाण्याचं गणित वाटलं. मेलेला चुना म्हणजे काय, त्यात रसायनशास्त्राच्या दृष्टीने काय होतं, हे मला पुढे कॉलेजात शिकवलं, आणि त्या तासाला मी वर्गातून उठून गेले होते. पण ते पुढचं. त्या दिवशी मी धार मात्र बारीक धरली, ढवळलं, रंग छान आला, पावसानंतरच्या आभाळासारखा. मग मी राखेची चिमूट घेऊन कोयता घासायला बसले, तेव्हा पंप मारणारा गडी हसला. “आता ही शिकल्याली बाय बी कोयत्याला मंतर घालतीया काय? आवो, कालेजात ह्येच शिकवत्यात व्हय?” सगळे हसले. वाईट मनाने नाही, उघडीप मिळाल्याच्या आनंदात होते बिचारे. माझे कान तापले. मी कोयता राखेसकट बाजूला ठेवला आणि म्हटलं, “झालंय. लावा पंप.”

एवढंच. एवढीच गोष्ट आहे, आई. पेरांवर पाच वेळा मोजायला लागतो तेवढा वेळ.

आठव्या दिवशी कोवळ्या सुपाऱ्या गळायला लागल्या. आधी आपल्याला वाटलं रोगच आला, पण मालकांनी चार फळं ओंजळीत घालून खळ्यावर आणली, त्यांच्यावर जळाल्याचे डाग होते. मालक आवाज चढवणारे नव्हते. ते नुसते म्हणाले, “अक्का, हा कोळे नाही. हे भाजलंय.” अर्धी बाग तशी होती. तू तापातून उठून दाराच्या चौकटीला धरून उभी होतीस. तू माझ्याकडे वळलीस आणि सगळ्यांसमोर विचारलंस, “कोयता बगितला हुतास न्हवं?”

मी म्हणाले, “व्हय.”

तू आणखी एक क्षण माझ्याकडे बघितलंस. मग मालकांना म्हणालीस, “तिनं कोयता बगितलाय. चूक माजी. चुना म्याच दिल्ता, जुना. कोयत्याला बी मागं-फुडं कळंना झालं आसंल आता.” मालक म्हणाले, असू दे, देवाची मर्जी. त्यांनी तुला पुढच्या वर्षी यायला सांगितलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. पण तू गेली नाहीस. तू मद्दूला पुन्हा हात लावला नाहीस, ना त्यांच्या बागेत, ना दुसऱ्या कुणाच्या. गडी रामनगरला घरी येऊन बोलावून गेले. तू म्हणालीस, “माजा कोयता खोटं बोलाय लागलाय बाबांनो. मी कुनाच्या भरवशावर सांगू, झालं म्हनून?” पुढची तीन वर्षं तू सुपारी सोलणाऱ्या बायकांच्या रांगेत बसलीस, शेवटाला, कडेला. तिथे तुला कुणी अक्का म्हणायचं नाही, कारण तिथे सगळ्याच अक्का. तुझी नखं पांढरी झाली. मी सुट्टीला आले की तू आपल्या हाताने जेवायचीस.

मी किती वेळा सांगायला आले होते. दिवाळीच्या सुट्टीत आले, ठरवून आले. तू कुळथाचं पिठलं केलं होतंस आणि शेजारणीला सांगत होतीस की लेकीला मद्दूचं सगळं पुस्तकातून कळतं, तिला कोयता लागत न्हाई. मी तोंडातला घास गिळला आणि दुसरंच काही बोलले. एकदा तर पत्र लिहिलं होतं, पण तुला वाचता येत नव्हतं, ते शेजारच्या पोराने वाचून दाखवलं असतं, म्हणून फाडून टाकलं. कारणं मला नेहमीच चांगली सापडली आहेत. तूच म्हणायचीस ना, अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

एक गोष्ट मला छळते. त्या दिवशी बागेतून वर आल्यावर मी कोयता तुझ्या उशाशी ठेवला होता. त्याच्या पात्यावर राख तशीच होती, कोरडी, माझ्या बोटांच्या खुणांसकट. तो मद्दूत बुडाला असता तर राख राहिली नसती. मला झोप लागली, आणि सकाळी कोयता आढ्याला खोचलेला होता, स्वच्छ पुसून. तूच पुसला असशील, खोलीत दुसरं होतं कोण? मग आठ दिवसांनी दारात उभी राहून तू मला जे विचारलंस ते कशासाठी विचारलंस? मला सोडवायला, की खरं बोलायची एक संधी द्यायला? तापात होतीस, अंधार होता, कदाचित तू न बघताच पुसलाही असशील. मी पंधरा वर्षं हे उलटसुलट करून बघते आहे. कधी वाटतं तुला ठाऊक होतं, आणि मग मला तुझ्या पायावर डोकं ठेवावंसं वाटतं. कधी वाटतं तुला ठाऊक नव्हतं, तू खरंच समजलीस की जन्मभर ज्याच्यावर विश्वास टाकला त्या कोयत्याने दगा दिला, आणि मग मला कुठे तोंड लपवू असं होतं.

आज सकाळी म्हाताऱ्याने दिलेल्या मापाने मी पिंपात औषध कालवलं आणि तो तसाच पंप भरायला निघाला. मी त्याला थांबवलं. माझी फ्रेंच अजून तोडकीमोडकी आहे, मी लोखंड, लोखंड असं म्हणत राहिले. त्याने खिशातली वेल छाटायची सुरी दिली. मी ती चुलीच्या राखेने घासली, धुतली आणि पिंपात बुडवली. अंगठा आपोआप पेरांवर गेला. बारा, बारा, बारा, बारा, बारा. वर काढली तर पातं तांबूस. म्हाताऱ्याने शिट्टी वाजवली, चुना आणखी घातला, आणि दुसऱ्या खेपेला पातं पांढरं आलं. त्याने माझा हात हातात घेऊन हलवला आणि विचारलं, हे कुठल्या कॉलेजात शिकलात? मी म्हणाले, आईकडे. तो म्हणाला, मग आजच आईला पत्र लिहा, म्हणावं तुमच्यामुळे एका म्हाताऱ्याचा मळा वाचला. तुम्ही हयात नाही हे त्याच्या भाषेत कसं सांगायचं ते मला येत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे येत होतं. दुपारी जेवायला बसले तेव्हा माझी नखं निळी होती. या देशात काट्या-चमच्याने जेवतात, त्यामुळे अडचण काहीच नव्हती. तरी मी हात मांड्यांवर उताणे ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

बघ, वर ‘तुम्ही’ लिहून गेले. परक्या घरात राहून अशी सवय लागते. तुला मी कधी अहोजाहो केलं नाही, आता काय करणार.

म्हाताऱ्याने दिलेलं पाकीट समोर आहे, त्यावर मळ्याच्या घराचं चित्र छापलंय. त्यावर घालायला माझ्याकडे पत्ता नाही. रामनगरचं घर विकलं, नंदिगड्ड्याच्या खोलीचं छप्पर पडलं असं ऐकते. कोयता तेवढा नाशिकला माझ्या ट्रंकेत आहे, साडीत गुंडाळून. हे पत्र उद्या मी तसंच गुंडाळून माझ्या सामानात ठेवीन, आणि परत गेले की त्या साडीत सरकवीन. म्हणून आता लिहायला हरकत नाही. तू गेल्याची तार धारवाडला होस्टेलवर आली, कावीळ झाली होती म्हणे, तुला कुणी वेळेवर दवाखान्यात नेलं नाही. मी तार वाचली, आणि रडू यायच्या आधी, आई, एक क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. आता कोयत्याचं पुन्हा कुणी विचारणार नाही, असं मनात आलं. मग रडू आलं, आणि ते अजून थांबलेलं नाही. पण त्याआधी ते सुटल्यासारखं वाटणं आलं होतं.

तू खळ्यावर दाराला धरून उभी आहेस आणि मला विचारतीयास. न्हाई आई. न्हाई बगितला. कोयता कोरडाच हुता.